पांढऱ्या मातीचा उन्हाळा

कूलरच्या गवतावर मोसमातलं पहिलं पाणी पडलं की एक ओला, गोडसर वास खोलीभर होतो. त्या वासानं बाकीच्यांना काय आठवतं ते मला ठाऊक नाही. मला कुमुद आठवते, आणि कुमुद आठवली की माझ्या पोटात दुखायला लागतं. दुखणं जुनं आहे. डॉक्टरला दाखवण्यातलं नाही, आणि आता पंधराएक वर्षांनी ते एकाएकी बरं झालं तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं होईल.

यंदाही तसंच झालं. चैत्र संपत आला. जळगावात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसेना. कॉलेजच्या परीक्षा आटोपल्या, पेपर तपासून झाले, आणि सुटीआधी प्रयोगशाळा आवरताना मी कूलर चालू करून पाहिला. वास आला. खिडकीपाशी जुना मायक्रोस्कोप असतो, त्याच्या समोरच्या उंच स्टुलावर मला कुमुद बसलेली दिसली: एक डोळा मिटलेला, दुसरा नळीला लावलेला, वेणी पुढे घेतलेली आणि तोंडानं गुणगुणणं चाललेलं. ते गुणगुणणं मला तेव्हाही सहन होत नसे.

ज्यावरून हे सगळं झालं ती वस्तू नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पाण्यात वाढणारं एक शेवाळ असतं, एकाच पेशीचं. इंग्रजीत त्याला डायटम म्हणतात, आमच्या मराठी पुस्तकांत करंडक. हे नाव ज्यानं दिलं त्याला माझा नमस्कार, कारण ते खरोखरच कुंकवाच्या करंड्यासारखं असतं. खाली एक भाग, वर त्यावर चपखल बसणारं झाकण, आणि दोन्ही काचेचे. आतला जीव मरतो, कुजून जातो. काचेचा करंडा तेवढा तळ्याच्या तळाशी जाऊन बसतो. असे अगणित करंडे साठले की त्यांची पांढरी, हलकी माती होते. तळं आटतं, वर गाळ चढतो, त्यावर शेतं होतात, केळीच्या बागा उभ्या राहतात, आणि खाली ती माती तशीच पडून असते. तिची चिमूट मायक्रोस्कोपखाली ठेवावी तर होड्या, सुया, बांगड्या, चात्या, नाना तऱ्हा. प्रत्येकीवर बारीक रेघा, कोणीतरी निगुतीनं कोरल्यासारख्या. त्या रेघा मोजायच्या, टोकं पाहायची, कंबर पाहायची, पुस्तकांतल्या आकृत्यांशी ताडून जात ठरवायची आणि फोटो काढून ठेवायचा, हे आमचं त्या उन्हाळ्यातलं काम. जात ठरवायची कुमुद. फोटो काढायची मी.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. मी धुळ्याहून आलेली, एम.एस्सी. होऊन त्याच कॉलेजात हंगामी शिकवायला लागलेली आणि वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुखांच्या, म्हणजे आमच्या सरांच्या, हाताखाली पीएच.डी.साठी धडपडणारी. कुमुद माझ्या मागच्या वर्षाची. माझ्याच टिपणांवर तिनं अभ्यास केला होता. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण लहानपणापासून ऐकत आले होते. तिचा अर्थ मला कुमुदनं शिकवला.

ती रावेरजवळच्या एका गावची. केळीवाल्यांची मुलगी. तिच्या वडिलांना सगळं गाव नाना म्हणायचं. त्या हिवाळ्यात नानांनी विहीर आणखी खोल करायला घेतली होती. माती ओढून काढणाऱ्या यारीच्या पाट्यांतून रोज पिवळी माती वर यायची, कधी चुनखडी यायची, आणि एक दिवस पांढरीफेक माती आली. हातात घेतली तर वजनच नाही. नाना म्हणाले चुना असेल. कुमुदच्या आईला ती राखेसारखी वाटली, म्हणून तिनं चिमूट घेऊन पितळी लोटा घासून पाहिला. लोटा असा उजळला की शेजारच्या बायका टोपल्या घेऊन विहिरीवर आल्या. महिनाभरात त्या गल्लीतलं एकही भांडं काळं राहिलं नाही म्हणतात.

होळीला कुमुद घरी गेली, तिनं तो लोटा पाहिला, आणि तिच्या मनात आलं की ही माती एवढी घासते तरी कशानं? टॉवेलात एक ढेकूळ बांधून ती जळगावला घेऊन आली. माझा खरा हेवा इथून सुरू होतो. त्या जागी मी असते तर मीही लोटाच घासला असता.

सरांनी ती माती मायक्रोस्कोपखाली पाहिली. खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, चष्मा काढून पुसला.

"अगं, इथे तळं होतं," ते म्हणाले. "तुमच्या केळीच्या खाली गोड्या पाण्याचं केवढं मोठं तळं होतं, कुमुद!"

कुमुद हसत होती. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? घ्या, तळंसुद्धा हिच्याच शेतात. आमचं धुळ्याला भाड्याचं घर आणि खाली वडिलांचा, म्हणजे आबांचा, फोटो स्टुडिओ. त्या फरशीखाली कोण काय शोधणार होतं!

तेव्हापासून मला एकच पाहिजे होतं, आणि ते मी त्या उन्हाळ्यात उठता-बसता स्वतःशी घोकत होते. त्या मातीतला एक तरी करंडक असा असावा की जो कुमुदच्या आधी मला दिसला. बाकी विहीर तिची, माती तिची, तळं तिचं, चालेल. एक करंडक माझा.

मायक्रोस्कोपला डोळा लावायची नळी एकच होती. एकीनं पाहायचं आणि दुसरीनं तिच्या तोंडाकडे पाहायचं. कुमुदचा चेहरा पाहणं म्हणजे शिक्षा होती. तिला काही दिसलं की भुवई वर जायची, गुणगुणणं मंद व्हायचं आणि मग कॉलेजातली शुद्ध भाषा विसरून ती रावेरवर यायची. "पाह्य ना व उषाताई, कशी तिरपी पडेल हाये ही!" मी तिला दूर सारून पाहायची. मला धुरकट प्रकाश दिसायचा, कचरा दिसायचा, आणि बऱ्याच वेळानं, तिनं बोट धरून चालवल्यासारखं सांगितल्यावर, ती तिरपी पडलेली होडी दिसायची. पाहता पाहता कुमुद जातीचं नाव सांगून मोकळी. मी पुस्तक उघडून शोधायची, आणि तिचं म्हणणं बरोबर निघायचं. एकदा तरी चुकावं की नाही माणसानं!

फोटोचं काम माझं होतं, आणि ते सोपं नव्हतं हे आधीच सांगून ठेवते. आबांनी स्टुडिओतला एक जुना कॅमेरा दिला होता. तो नळीवर बसवायचा. विजेचा दाब इतका वरखाली व्हायचा की दिव्यावर भरवसा ठेवता येत नसे. म्हणून सकाळच्या उन्हात समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून येणारा उजेड आरशानं आत घ्यायचा. कूलर चालू असला की टेबल थरथरतं, आणि टेबल थरथरलं की करंडकाच्या रेघा पुसल्या जातात. तेव्हा कूलर बंद. पंखा बंद. नशिराबादच्या बाजूनं केळीचा ट्रक येत असला तर तो जाईपर्यंत थांबायचं. मग श्वास धरायचा आणि बटण दाबायचं. कपाळावरचा घाम भुवईत उतरलेला असायचा, पण पुसायला हात हलवायची सोय नाही. जळगावचा उन्हाळा ज्यानं पाहिला आहे त्याला त्या खोलीची कल्पना येईल.

आणि एवढं करून सर एकदा म्हणाले, "या कामाला डोळा लागतो. कुमुदला तो आहे. फोटो काय, आज ना उद्या कोणीही काढील."

सर वाईट नव्हते. त्यांच्या ध्यानीमनीही नसेल. पण ते वाक्य माझ्या पोटात गेलं ते गेलंच. तेव्हा मी मान डोलावली आणि कॅमेऱ्याची काच पुसत बसले.

चैत्राच्या सुरुवातीला कुमुदला एक वेगळीच होडी सापडली. लांबट, मध्ये कंबर बारीक, टोकं गोल, आणि कमरेपाशी एका बाजूच्या रेघा गायब. दुसऱ्या बाजूच्या असतात, एका बाजूच्या नसतात. कोणत्याच पुस्तकात अशी आकृती नव्हती. सरांनी आपल्याजवळची सगळी पुस्तकं काढली, पुण्याहून दोन मागवली. नाही म्हणजे नाही. मग नवी जात म्हणून जाहीर करायचं, नाव काय द्यायचं, अशी बोलणी सुरू झाली. नावात रावेर यावं असं सरांना वाटत होतं. कुमुद म्हणाली की आईचा लोटा यावा. सगळे हसले. मी फोटो काढला. त्या सबंध उन्हाळ्यातला सर्वांत स्वच्छ फोटो तोच आला, हे माझं नशीब.

पुढच्या रविवारी मी यष्टीनं धुळ्याला गेले आणि फोटो आबांसमोर ठेवले. आबांनी जन्मभर लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढलेले. ते बराच वेळ कुमुदच्या होडीकडे पाहत राहिले.

"हाऊ फोटू तूच काढा ना?"

"हो."

"मंग तोंड कसाले वाकडं करी राहिनी?"

मग मी सगळं सांगितलं. विहीर, लोटा, डोळा, सरांचं वाक्य. आबा निवांत ऐकत होते. मधेच उठून त्यांनी एका गिऱ्हाइकाची मान सरळ करून फोटो काढला आणि परत येऊन बसले.

"तुले ह्या होड्या पाहिजे, का ती पोर हाराले पाहिजे?"

"दोन्ही," मी म्हणाले.

आबा पोट धरून हसले. माझं खरं बोलणं त्यांना आवडायचं. निघताना त्यांनी दोन नवे रोल माझ्या पिशवीत टाकले.

कुमुदचं लग्न ठरलं होतं हे मी अजून सांगितलं नाही. हिवाळ्यातच साखरपुडा झाला होता. मुलगा सुरतेला नोकरीला. लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्यतृतीया झाल्यावर. सरांनी नानांना बोलावून घेतलं, पुष्कळ समजावलं, एवढ्या हुशार मुलीचं काम अर्धवट राहील म्हणाले. नाना टोपी मांडीवर ठेवून अदबीनं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सर, आखाजीपर्यंत पोरीले जे करायचं ते करू द्या. मंग तिच्या घरचे पाहतीन."

कुमुद नळीला डोळा लावून बसली होती, तिनं मान वर केली नाही. आणि मी? खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आखाजी झाली की स्टूल रिकामं होणार, हे मला दिसत होतं. त्याच दमात असंही वाटलं, की हिला पाहायला आले ते पहिल्याच फेरीत हो म्हणून गेले. माझ्या वेळी मात्र पोहे खाऊन लोक उत्तर द्यायचे विसरतात. हेव्याला एकदा घरात घेतलं की तो सगळ्या खोल्या वापरतो.

त्याच सुमारास आमचा एक रोल खराब झाला. चैत्र संपता संपता नळाचं पाणी चहाला चालेल इतकं गरम, आणि फिल्म धुवायला पाणी थंड लागतं, नाहीतर फिल्मवरचा थर सुटून चिरा पडतात. आम्ही माठातलं पाणी वापरायचो, तेही पुरेना. कुमुद म्हणाली, "आमच्या विहिरीवर चल ना ताई. तिथलं पाणी बर्फावानी असतं." मग काळोख्या कपाटात हात घालून फिल्म डबीत भरली, ती डबी, रसायनाच्या बाटल्या आणि फिल्म पक्की करायचा हायपो पिशवीत घातला आणि रावेरची गाडी धरली.

तो दिवस माझ्या नाकात अजून आहे. बाहेर डोळे उघडवत नव्हते इतकं ऊन. आणि केळीच्या बागेत पाऊल टाकलं की एकदम ओल, काळोख, चिखलाचा आणि कोवळ्या पानांचा वास. डोक्यावर पानं एकमेकांवर घासत होती. विहिरीच्या काठावर पांढऱ्या मातीचा ढीग होता आणि त्यावर दोन कोंबड्या बसल्या होत्या. मला त्या कोंबड्यांचाही राग आला. त्या काळात मी त्या मातीची चिमूटसुद्धा सांडू देत नसे.

पाण्यात हात घातला तर हाडापर्यंत गारवा गेला. बेताचं पाणी मिसळून आम्ही फिल्म धुतली आणि केळीच्या वाळक्या सालीच्या दोरीवर सुकत टाकली. कुमुदची आई हातातला लोटा ठेवून आली. पदराला हात पुसून तिनं फिल्म उन्हाकडे धरली.

"ह्या त होड्या दिसतात. कोन्या नदीतल्या?"

"आपल्याच विहिरीतल्या, माय," कुमुद म्हणाली.

"हे तूनं काढलं का व बाई?" आईनं मला विचारलं. "लई बारीक काम हाये."

मी नुसती हसले. कौतुक दारात आलं होतं. मी त्याला आत घेतलं नाही, कारण ते सरांच्या तोंडून आलेलं नव्हतं. मग जेवायला भरीत होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, ताक होतं. जेवणानंतर दोघी मायलेकी सावलीत बसून भांडी घासत होत्या आणि कुमुद मध्येच थांबून तळहातावरच्या मातीकडे पाहत होती. मला वाटलं हात दुखले असतील.

आखाजीच्या थोडं आधी कुमुद बस्त्याला गेली. लग्नाची कापडखरेदी म्हणजे दिवसभराचं काम. दोन्हीकडची वडीलधारी माणसं, गाद्यांवर उलगडलेल्या साड्या, मानापानाची बोलणी. सर परीक्षेच्या कामाला गेले होते. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा स्टूल, नळी, सकाळचं ऊन आणि ती माती, सगळं एकटीच्या हातात आलं.

एरवी आम्ही माती आम्लात उकळून, पुन्हापुन्हा धुऊन, स्वच्छ करून घ्यायचो. मी त्या दिवशी तसं केलं नाही. कुमुद करते तसं कशाला करायचं? ढेकळाचा कोपरा नुसता पाण्यात विरघळवला, थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि डोळा लावला. तासाभरानं मला ती दिसली. शिडी. चक्क एक लांब शिडी: सरळ कडा, कोपरे किंचित गोलसर, दोन्ही कडांना फणीच्या दातांसारख्या बारीक रेघा आणि मधून जाणारे पट्टे. असलं काही आम्ही त्या मातीत पाहिलेलं नव्हतं. कुमुदनं पाहिलेलं नव्हतं!

माझा आनंद मला अजून आठवतो. मी उठले, खोलीत एक चक्कर मारली, माठातलं पाणी प्याले, परत येऊन पाहिलं. शिडी होती. मी कूलर बंद केला, ट्रक जाऊ दिला, श्वास धरला आणि एकामागून एक फोटो काढले. भर उन्हात अनवाणी नाचले असते. तिकडे कुमुद साड्या निवडत असेल, या विचारानं तर अंगावर मूठभर मांस चढलं.

दुसऱ्या दिवशी त्याच ढेकळाचा नवा थेंब घेऊन मी दोघांना शिडी दाखवली. सर बराच वेळ पाहत होते. "हे आपण पाहिलं नव्हतं," ते म्हणाले. एवढ्यासाठी मी उन्हाळाभर जळत होते. मग कुमुद बसली. तिचं गुणगुणणं थांबलं. ते पूर्णपणे थांबलेलं मी प्रथमच ऐकलं, आणि मला किती गोड वाटलं म्हणून सांगू!

थोड्या वेळानं ती उठली. "ताई, तू बस इथं. डोळा काढू नको. मी जरा हलवते तिला."

तिनं सुई घेतली आणि सुईचं टोक पातळ काचेच्या कडेवर हलकेच टेकवलं. आत पाणी हाललं. माझी शिडी थरथरली. एका अंगावर कलली. क्षणभर काहीच धड दिसेना, नुसती एक चमक. आणि मग ती पूर्ण वळून पाठीवर पडली. लांबट, कंबर बारीक, टोकं गोल, आणि कमरेपाशी एका बाजूच्या रेघा गायब.

कुंकवाचा करंडा वरून पाहिला तर वेगळा दिसतो, बाजूनं पाहिला तर वेगळा. यात न कळण्यासारखं काय आहे? परीक्षेत दोन्ही बाजूंच्या आकृत्या काढून मी गुण मिळवले होते. आम्लात उकळलं की करंड्याची झाकणं सुटतात आणि पसरट पडतात, म्हणून आम्हाला एरवी तोंडच दिसायचं. मी उकळलं नाही, म्हणून अख्खा करंडा कुशीवर पडलेला दिसला. हे सगळं मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी मला कुमुदची नसलेली एक वस्तू पाहिजे होती, आणि ती मला दिसली.

"काय झालं?" कुमुदनं विचारलं.

"वळली."

"मंग?"

"तुझी होडी आहे."

कुमुद अशी हसली की सरांनाही हसू आवरेना. "अवं माय! म्हंजे दोघी एकीच्याच मांगं लागलो होतो!" हसता हसता तिनं माझा दंड धरला. "पन कशी वळली व ताई? सांग ना. मले त दिसलंच नाही. एकदम वळली का हळूहळू?"

तिचे डोळे चमकत होते. तिला खरोखर तेवढंच पाहिजे होतं, की ती वळली कशी. मी चुकले याचा आनंद तिला नव्हता. तिची होडी वळताना तिच्या आधी मी पाहिली, याचं वाईटही तिला वाटलं नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं बाई, एकदा तरी माझा हेवा कर ना!

"वळली म्हणजे वळली," मी म्हणाले, आणि काच धुवायला घेतली.

आखाजीला कुमुद घरी गेली. मीही एक दिवस गेले. निंबाला झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या, आणि कुमुद उभी राहून इतका उंच झोका घेत होती की तिची आई खालून ओरडत होती. त्यानंतर ती प्रयोगशाळेत आली नाही. लग्न झालं, ती सुरतेला गेली. होडीचं पुढे असं झालं की ती नवी नव्हतीच. एका परदेशी जुन्या पुस्तकात कोणीतरी तिला फार पूर्वी नाव देऊन ठेवलं होतं. सर हळहळले. मला ना सुख झालं ना दुःख. जिला हरवायचं ती खेळातच राहिली नव्हती.

स्टूल मला मिळालं. मायक्रोस्कोप मिळाला. त्याच मातीवर मी पीएच.डी. केली. नोकरी कायम झाली. रोज पाहून पाहून डोळाही आला; आता मुलं आपापसात म्हणतात, मॅडमना नुसत्या सावलीवरून जात कळते. ज्या ज्या गोष्टीसाठी मी त्या उन्हाळ्यात जळले ती प्रत्येक गोष्ट चालत माझ्याकडे आली. तरी कूलरचा वास आला की पोटात दुखतं. मला वाटायचं, सवय असेल.

यंदा कुमुदचा सुरतेहून फोन आला. मागे एसटीडी बूथवरच्या माणसांचा गलका होता. "आखाजीले माहेरी येते हाये. तू ये ताई, नक्की ये." मी गेले. विहीर बुजवली आहे. खालचं पाणी आटत गेलं, तेव्हा नानांनी शेजारी बोअर घेतली. नाना आता नाहीत, शेत भाऊ पाहतो. पांढरी माती आहे तिथेच आहे, पण तिच्यापर्यंत जायची वाट उरलेली नाही. कुमुद जाड झाली आहे, चष्मा लागला आहे, दोन मुलांची आई. मायक्रोस्कोपला तिनं परत डोळा लावलेला नाही.

आखाजीला पितरांच्या नावानं घागर भरतात. त्यासाठी ओट्यावर बसून ती पितळेची घागर घासायला घेत होती. शेजारी एक जुना डबा. झाकण उघडलं तर तळाशी तीच माती, मूठभर.

"माय जपून वापरे," ती म्हणाली. "आता एवढीच राह्यली."

तिनं चिमूट तळहातावर घेतली, पण घासायला सुरुवात केली नाही. तळहाताकडे पाहत बसली. आणि मग इतक्या वर्षांनी, जणू काल अर्धवट राहिलेलं बोलणं असावं तसं, तिनं विचारलं, "ताई, ती वळली कशी होती?"

या खेपेला मी सांगितलं. आधी थरथरली. मग एका अंगावर कलली. मध्ये क्षणभर काहीच दिसेना, नुसती चमक. मग पाठीवर पडली, आणि आधी कंबर दिसली, टोकं नंतर. मी जेवढं पाहिलं होतं तेवढं सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. ती तळहातावरची नजर न काढता ऐकत होती. ऐकता ऐकता तिची भुवई वर गेली, आणि तिनं गुणगुणायला सुरुवात केली.

"हां," ती म्हणाली. "वळली पाह्य आता."

मी चष्मा सारखा केला आणि तिच्या तळहातावर वाकून पाहिलं. मला पांढरी माती दिसली.